बोहेमियात अडकलेलं बोट

शनिवारी सकाळी दुसऱ्या चहानंतर उमाकांत खांबेट्यांच्या उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट बोहेमियात गेलं आणि परत यायला तयार होईना.

आता बोहेमिया म्हणजे पार युरोपात, आणि खांबेटे राहतात बेंगळुरात, मारतहळ्ळीला, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा बोट एकटंच एवढ्या लांब कसं गेलं हे सांगायला हवं. ते गेलं एका डिकँटरच्या तोंडातून. डिकँटर म्हणजे साहेबलोक ज्यात दारू ओतून जेवणाच्या टेबलावर मिरवायचे ती उंच गळ्याची, सुबक बाटली. 'बाटली' हा शब्द मात्र खांबेट्यांसमोर काढायचा नाही. त्यांच्या बायकोने, नीलाताईंनी, तो दिवसातून निदान सातआठदा काढायचा असा घरात नियमच पडून गेला होता.

खांबेटे खरं तर सिटी मार्केटला मिक्सरच्या भांड्याचा रबर आणायला गेले होते. रबर मिळाला नाही. फुटपाथवर जुन्या सामानाच्या ढिगात, एका बंद पडलेल्या टेबलफॅनला टेकून हा डिकँटर बसला होता. जांभळा रंग, त्यात दुधाळ पांढऱ्या लाटा, मधूनच हिरवट झाक. कोकमाच्या आगळात नारळाचं दूध ओतावं आणि ढवळता ढवळता कुणीतरी दार वाजवावं, तशी ती अर्धवट हललेली सोलकढी जागच्या जागी गोठून काच झालेली. खांबेट्यांनी उन्हासमोर धरला तेव्हा कडेने लालसर उजेड झिरपला. त्यांच्या छातीत धडधडलं. लग्न ठरलं तेव्हा असं झालं नव्हतं, हे त्यांनी पुढे भाबडेपणाने नीलाताईंनाच सांगितलं. तेव्हापासून ती 'बाटली' आहे.

मिक्सर अजून गळतोय. ते असो.

मग खांबेट्यांनी टॅबलेट मांडीवर घेऊन ह्या संगमरवरी काचेचं कुळ शोधायला घेतलं. व्हेनिसच्या कारागिरांनी काही शतकांपूर्वी अकीक दगडासारखी दिसणारी काच केली होती. बोहेमियावाल्यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॉलिश केलेल्या दगडासारखी काच केली. आणि पुढे इंग्लंडमध्ये जांभळ्यापांढऱ्या भोवऱ्यांची स्वस्त काच साच्यात दाबून काढायला लागले, म्हणजे साध्यासुध्या घरातही दगडी थाट. तीन देश, तीन शक्यता. खांबेट्यांनी पुरावा तपासण्याआधीच बोहेमिया मुक्रर केला. इंग्लंड म्हटलं की गुलामगिरी आठवते, व्हेनिस काय, कुणीही हनिमूनला जाऊन येतो. बोहेमियाला मात्र त्यांच्या ओळखीचं कुणीच गेलेलं नव्हतं.

घोडं अडलं होतं सुधींद्र गलगल्यांपाशी. हे महाराष्ट्र मंडळाचे उपाध्यक्ष. तीन पिढ्या बेंगळुरातल्याच चामराजपेटेत, तिथंच चष्म्याचं दुकान. त्यामुळे जगात जे जे आरपार दिसतं ते सगळं आपल्या अधिकारात येतं अशी त्यांची समजूत. त्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मंडळात 'घरचा ठेवा' हे प्रदर्शन होतं आणि खांबेट्यांचं त्यात डिकँटरवर भाषण होतं. गलगल्यांनी शुक्रवारी फोन केला.

"खांबेटे अण्णा, फोटो बघितला मी. सुमने गिफ्ट आयटम आहे हो."

"सुमने म्हणजे?"

"सुमने म्हणजे उगाच. साच्यातला माल. ब्रिगेड रोडला गिफ्ट शॉपात ढीग असतोय. लोकांसमोर कशाला फजिती? आमच्या आजोबांचा अडकित्ता आहे, तुमच्या वेळेत मी त्याच्यावर बोलतो."

"हातकामाचा आहे तो! बोहेमियाचा!"

"सरी, सरी. उद्या मी सगळ्यांसमोर तपासतो. साच्यातला निघाला तर टेबलावरून काढायचा. आयतु? झालं मग."

खांबेट्यांना रात्रभर गलगल्यांचा अडकित्ता दिसत राहिला. उद्या डिकँटर टेबलावरून उतरला की मंडळात आयुष्यभर 'गिफ्ट आयटम' हेच नाव पडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि मंडळाशिवाय ह्या शहरात त्यांचं मराठी ऐकून घेणारं दुसरं होतं कोण? नीलाताई होत्या, पण त्या ऐकून घेत नसत, ऐकवत.

सकाळी त्यांनी वाचलं, की हातकामाच्या डिकँटरचा गळा आतून घासलेला असतो. प्रत्येक गळा त्याच्या त्याच्या बुचासाठी घासून बसवायचे, त्यामुळे आत खरखरीत लागतं. साच्यातल्या साध्या बाटलीचा गळा आतून गुळगुळीत. बूच हरवलेलंच होतं. म्हणजे आत काय आहे ते हात लावूनच कळणार.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. खांबेटे एका सरकारी कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागातून रिटायर झालेले. तिथे विमानाच्या भागांची भोकं तपासायला एकाहून एक मापं होती, पण खांबेटेसाहेबांची पद्धत अशी की आधी बोट घालायचं, मग माप. बोट आतून फिरवून ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ओरखडा आहे." आणि ओरखडा असायचा. त्या बोटाने भलेभले कंत्राटदार रडवले होते. असा माणूस समोर गळा असताना दुसरं काय करणार?

बोट आत गेलं. फिरलं. खरखरीत लागलं!

"नीला! घासलेलाय! अगं, बोहेमिया!" खांबेटे आनंदाने ओरडले. आणि आनंदाने बोट बाहेर ओढलं. ते आलं नाही.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. तपासणी चालू आहे."

"मघापासून?"

"सखोल तपासणी आहे."

पंधरा मिनिटांनी सखोल तपासणीचा रंग डिकँटरच्या रंगाशी जुळायला लागला तेव्हा नीलाताईंनी खोबरेल तेलाची बाटली आणली. डिसेंबर होता. बेंगळुरातल्या डिसेंबरात खोबरेल तेलाचा दगड होतो, त्यामुळे आधी तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवावी लागली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सकवारबाई आल्या. मुलगा आयटीत म्हणून साताऱ्याकडून इथे राहायला आलेल्या, दिवसभर बोलायला माणूस नाही, त्यामुळे कुणाच्या घरात जरा आवाज चढला की त्यांना माहेरी बोलावल्यासारखं वाटायचं.

"आवं भाऊ, ह्ये काय करून बसलासा? बाटलीत काय ऱ्हायलं हुतं का तळाला?"

"सकवारबाई, ही बाटली नाही."

"बरं, नसंल. पर बोट तर बाटलीतच हाय न्हवं?"

त्यांनी तेल चोळलं, साबण चोळला, वर थोडं तूपही चोळलं. त्या सगळ्याला वास छान आला. मग त्यांनी सगळं धूड कढत पाण्यात बुडवायचा उपाय काढला.

"थर्मल शॉक!" खांबेटे किंचाळले. "जुनी काच आहे! तडकेल!"

"आन् बोट?"

"बोटाचं बोटाला कळेल!"

शेजारची अमृता लॅपटॉप काखेत मारूनच आली. पुण्याची पोरगी, वर्क फ्रॉम होम. "काका, ओ माय गॉड, डोन्ट पॅनिक. स्वेलिंग आहे, सो बेसिकली आइस लावा. मी ग्रुपवर टाकते, समबडी विल नो." खांबेटे नको नको म्हणेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट पडलंही: 'अंकल स्टक इन बॉटल, अर्जंट.' उत्तरं भराभर आली. एकाने विचारलं, ब्रँड कुठला. एकाने कळवलं, काचेचा कचरा बुधवारी नेतात, आज खाली ठेवू नये. सेक्रेटरींनी कॉमन एरियात मद्यपानाला मनाई असल्याचा ठराव पुन्हा एकदा टाकला. आणि कुणीतरी तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर ढकलला. गलगल्यांचा अंगठा आला. नुसता अंगठा, शब्द नाही. खांबेट्यांना तो फार लागला.

नीलाताईंनी बत्ता आणला. "एक घाव, अहो. बोट तुमचं, काच कुणाची कोण. इतकी वर्षं लोकांना भोकातले दोष दाखवलेत, आता स्वतः भोकात बसलात."

"फोडायचा नाही!" खांबेट्यांनी डिकँटर छातीशी धरला. "आज फुटला तर गलगली म्हणेल, भिऊन फोडला."

"मग बोट कापा आणि ते प्रदर्शनात ठेवा. घरचा ठेवाच आहे."

शेवटी कंपनीच्या रिटायर लोकांसाठीच्या दवाखान्यात जायचं ठरलं. रिक्षावाल्याने खांबेट्यांचं तोंड बघितलं, हात बघितला, मग नीलाताईंकडे सहानुभूतीने बघितलं.

"अम्मा, गाडीयल्ली कुडियोहागिल्ला."

"पीत नाहीयेत हो! खाली इदे, खाली!" नीलाताईंनी डिकँटर उलटा करून दाखवला. त्याबरोबर खांबेट्यांचा हातही उलटा झाला आणि ते अर्धे रिक्षाबाहेर गेले. सिग्नलला शेजारच्या बाइकवरच्या दोन तरुणांनी त्यांना बघून हेल्मेटची काच वर केली. "चिअर्स, अंकल!" आयुष्यात चहा-ताकापलीकडे काही न प्यालेल्या माणसाने ह्यावर काय करावं? खांबेट्यांनी सवयीने नमस्कार करायला हात उचलला. तो डिकँटरसकट उचलला गेला, आणि ते पोरगे भलतेच खूश झाले.

दवाखान्यात गर्दी नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी मशीन पुढे सरकवलं. "बोट ठेवा."

आता नियम असा, की नाव नोंदवल्याशिवाय डॉक्टर बघणार नाहीत, आणि नाव नोंदवायला बोटाचा ठसा लागतो. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट.

"ते आत आहे," खांबेटे म्हणाले.

"कशाच्या आत?"

"बोहेमियाच्या."

बाईंनी बघितलं. "बाहेर काढून ठेवा."

"बाहेर काढायलाच आलोय ना!"

"तेच सांगते सर. आधी ठसा, मग डॉक्टर काढतील."

"डाव्या हाताचं चालेल?"

"मशीनमध्ये उजवं आहे."

"अहो, काचेतून दिसतंय ते! मशीन काचेला लावून बघा की!"

बाई भल्या होत्या, त्यांनी लावून बघितलं. मशीनने बराच विचार करून 'इसम हयात नाही, कार्यालयाशी संपर्क साधावा' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत दाखवलं. खांबेट्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना झालेला सगळा त्रास आठवला. तो सगळा फुकट गेला होता. आतून डॉक्टर डोकावले, लांबूनच म्हणाले, "रिंग अडकली की लोक फायर ब्रिगेडला जातात, तिकडे ट्राय करा." आणि सुज्ञपणे दार लावून घेतलं.

फायर स्टेशनवर दयानंद नावाचे अधिकारी होते. कारवारकडचे, त्यांना मराठी कळायचं. त्यांना खांबेटे बघून इतका उत्साह आला की त्यांनी आतल्या चौघांना हाका मारल्या. आठवडाभर आग लागली नव्हती.

"मांजर काढलंय, साहेब. कुकरमधनं पोराचं डोकं काढलंय. बाटली पहिलीच."

"डिकँटर."

"त्ये पण काढू." त्यांनी एक लहानसा हातोडा घेतला.

"थांबा! फोडायचा नाही. तो वाचवायचाय."

दयानंद गोंधळले. "म्हणजे बोट वाचवायचं ना?"

"दोन्ही."

"तसं नसतंय साहेब. आमच्याकडे माणूस अडकला की वस्तू तोडतो. वस्तूला माणूस अडकलाय, वस्तू वाचवा, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये नाही." ते जरा विचारात पडले. "तुम्ही तक्रार कुणाच्या वतीने देताय? तुमच्या, का बाटलीच्या?"

खांबेट्यांनी प्रामाणिकपणे 'डिकँटरच्या' असं सांगितलं. नीलाताई उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. दयानंदांनी हातोडा ठेवला, पाणी दिलं, चौघांनी डिकँटरबरोबर फोटो काढून घेतला, आणि निघताना एवढंच सांगितलं, "हात वर ठेवा साहेब. खाली लोंबवलात की सूज वाढत्ये."

साडेचार वाजले होते. नीलाताई म्हणाल्या, "घरी चला." खांबेटे म्हणाले, "मंडळात." आणि असे म्हणाले, की नीलाताईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे जरा नीट बघितलं. तोंड उतरलेलं, शर्टाला तूप, पण डोळे लग्नातल्या करवलीसारखे चमकत होते. त्यांनी पदराने डिकँटरवरचं तेल पुसलं. "चला. बाटली तरी स्वच्छ दिसू दे."

हॉल गच्च भरला होता. फोटो सगळ्यांनी बघितला होता, अडकित्त्यासाठी कोण शनिवारची झोप मोडतो? पहिल्या रांगेत मधोमध गलगली, खिशात दोन भिंगं.

आणि खांबेटे बोलले! असे बोलले की त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता. एरवी ते कागद चाचपायचे, चष्मा पुसायचे. आज हातच मोकळा नव्हता. हात वर, हाताच्या टोकाला डिकँटर, आणि मागे मंडळाचा पांढरा दिवा. "हा बघा व्हेनिस!" म्हणत त्यांनी तो असा फिरवला की पांढऱ्या लाटा छतावर हलल्या. "आणि हा बोहेमिया!" म्हणून दुसरीकडे फिरवला. तो सारखाच दिसत होता, पण लोकांनी 'आहा' केलं. मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. भट्टी, फुंकणी, वितळलेल्या काचेत कालवलेले रंग, सगळं त्यांनी हात खाली न घेता सांगितलं. टाळ्या पडल्या. त्यांना उत्तर म्हणून त्यांनी डिकँटर आणखी उंच केला.

"थांबा हो!" गलगली उठले. "हातातली वस्तू सगळेच नाचवतात. गळा गुळगुळीत असणार. साच्यातला माल आहे. द्या इकडं, तपासायचं ठरलंय."

"देता येत नाही. तुम्हाला माहितीये."

"हे सगळं नाटक आहे अण्णा. तपासू द्यायचं नाही म्हणून बोट घालून बसलात. सरी, सरी, हात खाली करा." आणि गलगल्यांनी दोन्ही हातांनी डिकँटर धरून ओढला.

तासभर हात वर होता. तूप होतं, तेल होतं, साबण होता. 'पुक्' असा आवाज झाला आणि बोट बाहेर आलं, जांभळं, सुरकुतलेलं, तुपकट. खांबेटे त्याच्याकडे बघतच राहिले. नीलाताईंनी "आई गं, सुटलं!" म्हणून ते हातातच घेतलं.

गलगल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी एक भिंग लावलं, मग दुसरं लावलं. गळ्याच्या आत भिंगातून दिसेना. "चाळीस वर्षं काचेत गेली माझी," ते सभेला म्हणाले, "मला डोळ्याची गरज नाही. हात लावला की कळतंय." आणि त्यांनी अंगठ्याशेजारचं बोट उचललं.

खांबेट्यांना बोलायला वेळ होता. गलगल्यांनी आधी बाही सारली, मग बोट रुमालाला पुसलं. भरपूर वेळ होता. खांबेट्यांनी तोंड उघडलं. नीलाताईंनी त्यांचा हात दाबला. त्यांनी तोंड मिटलं.

बोट आत गेलं. फिरलं. थांबलं.

गलगल्यांनी एकदा ओढलं. मग कुणी बघत नाहीये असं समजून हळूच दुसऱ्यांदा ओढलं. तीनशे डोळे बघत होते.

"कसा आहे हो गळा?" खांबेट्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

गलगल्यांनी तिसऱ्यांदा ओढलं.

"गुळगुळीत?"

"...खरखरीत," गलगली पुटपुटले.

"मागे ऐकू जात नाहीये."

"खरखरीत आहे! घासलेला आहे! आयतु?"

टाळ्या थांबेनात. अमृताही आली होती, ती खुर्चीवर उभी राहून रेकॉर्ड करत होती. सत्काराची शाल खांबेट्यांच्याच खांद्यावर पडली. ती घालायचं काम उपाध्यक्षांचं होतं, पण त्यांचा एक हात गुंतल्यामुळे दुसऱ्या हाताने त्यांनी ती नुसती भिरकावली.

आता प्रश्न डिकँटर घरी न्यायचा. तो गलगल्यांशिवाय नेता येईना आणि गलगली चामराजपेटेशिवाय कुठे जायला तयार होईनात. शेवटी एकाच रिक्षात तिघं बसले, मधे गलगली हात वर करून, एका बाजूने खांबेट्यांनी त्यांचं कोपर धरलेलं, दुसऱ्या बाजूला नीलाताई.

"वर ठेवा, वर," खांबेटे म्हणाले. आता त्यांना उदार व्हावंसं वाटत होतं. "बाकी, गळा घासलेला आहे म्हणजे बोहेमियाच असं नाही हो. व्हेनिस असू शकेल. इंग्लंडचाही असेल. अगदी स्वस्तातला."

गलगल्यांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. चामराजपेटेत तीन पिढ्यांची पत, चष्म्याचं दुकान, घरी बायको, सुना, समोर राहणारे व्याही. स्वस्तातल्या बाटलीत अडकून ह्या सगळ्यांसमोर रिक्षातून उतरायचं होतं.

"काय बोलता खांबेटे!" ते कडाडले. "डोळे आहेत का नाही? रंग बघा, वजन बघा! स्वस्तातला म्हणे! दोनशे वर्षांचा माल आहे!"

"पण तुम्हीच तर गिफ्ट..."

"अडकलंय कोण, तुम्ही का मी? मला आतून कळतंय!"

पुढे खड्डा आला. रिक्षा उडाली, डिकँटर छताच्या दांड्याला लागता लागता वाचला, आणि गलगल्यांनी तो पोटाशी घट्ट ओढून घेत, हळू चालव म्हणून रिक्षावाल्याच्या कानात गर्जना केली:

"निधान अप्पा, निधान! बोहेमिया इदु!"